पालेर्मो: राजवाडा, सोन्याचं चॅपल आणि मान मोडेपर्यंत पाहिलेलं छत

उंबरठा

मोझेक म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर आमच्या सांगलीच्या घरातली फरशी येते. पांढऱ्यावर काळे-हिरवे ठिपके, मे महिन्यात तिच्यावर पालथं पडून कैरी खायची. त्यामुळे "मोझेक बघायला सिसिलीला चाललोय" असं आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "त्यासाठी एवढं लांब? आत्याकडे जाऊन ये की."

तर आत्याकडे न जाता आम्ही पालेर्मोला गेलो. नवऱ्याची नोकरी म्युनिकला, ऑक्टोबरात चार दिवस सुट्टी जुळली. इथे सिसिलीवर फारसं काही सापडलं नाही, म्हणून हा धागा. लांबण लागेल, चहा घेऊन बसा.

आधी थोडा इतिहास, कारण त्याशिवाय ती इमारत म्हणजे नुसता पिवळट दगडांचा ढीग वाटते. पालेर्मो अरबांनी ८३१ साली घेतलं. शहराच्या उंच भागात त्यांनी किल्ला बांधला. १०७२ मध्ये नॉर्मन आले. हे मूळचे उत्तरेकडच्या दर्यावर्दी लुटारूंचे वंशज, फ्रान्सच्या नॉर्मंडीत स्थिरावलेले आणि तिथून भाडोत्री लढवय्ये म्हणून दक्षिण इटलीत उतरलेले. त्यांच्यातल्या रॉजर दुसऱ्याने (इटालियन लोक रुज्जेरो म्हणतात) ११३० च्या नाताळात पालेर्मोत राज्याभिषेक करवून घेतला आणि अरबांच्या किल्ल्याचा राजवाडा केला. राजवाड्याच्या पोटात स्वतःसाठी एक चॅपल बांधलं, तेच काप्पेल्ला पालातीना. ११४० मध्ये ते संत पीटरला अर्पण झालं. घुमटातल्या लेखात ११४३ साल आहे.

हा राजवाडा आज मेलेला नाही. सिसिलीची प्रादेशिक विधानसभा १९४७ पासून इथेच भरते. आणि इथेच आमचा पचका झाला.

आम्ही एका स्थानिक कंपनीची "राजवाडा आणि चॅपल" अशी सहल आधीच पैसे भरून घेतली होती. वार बुधवार. गेल्यावर कळलं की मंगळवार ते गुरुवार सभागृहाचं काम असल्यामुळे शाही दालनं बंद असतात. हे कंपनीला माहीत नसणार असं मानायला मी काही कुक्कुलं बाळ नाही. गाईडबाई म्हणाल्या, "नो प्रॉब्लेम, चॅपल इज द बेस्ट," आणि वीस मिनिटांत आम्हाला आत घालून बाहेर काढलं. त्या वीस मिनिटांत मी काय पाहिलं? पुढच्या माणसाचं टक्कल आणि त्याच्या वर सोनं.

संध्याकाळी हॉटेलवर बसून मी इतकी धुसफुसले की नवरा म्हणाला, "शुक्रवारी परत जाऊ, पण आता जेव." शुक्रवारी पुन्हा तिकीट काढलं, दार उघडायच्या आधी अर्धा तास रांगेत उभे राहिलो आणि या वेळी गाईड नाही. पुढचं सगळं त्या शुक्रवारचं.

चॅपल लहान आहे हो. फोटोंवरून भव्य वाटतं, पण आपल्या एखाद्या मध्यम मंगल कार्यालयाच्या हॉलएवढंच. आत गेल्यावर पहिला अर्धा मिनिट डोळे काहीच धरत नाहीत. भिंती, कमानी, कमानींच्या आतल्या बाजू, घुमट, सगळं सोनेरी. मग हळूहळू माणसं दिसू लागतात. घुमटात येशू, त्याच्याभोवती देवदूतांचं कडं, खाली कोपऱ्यांत चार शुभवर्तमानकार, म्हणजे येशूचं चरित्र लिहिणारे. मधल्या भिंतींवर सृष्टीच्या उत्पत्तीपासूनच्या कथा: आदम-हव्वा, नोहाची नौका, बाबेलचा बुरूज. बाजूच्या भिंतींवर पीटर आणि पॉल यांची चरित्रं. घुमटाखालची अक्षरं ग्रीक आहेत आणि मधल्या भिंतींवरची लॅटिन. घुमटाकडचं काम रॉजरच्या काळातलं, बायझंटाईन (कॉन्स्टँटिनोपलच्या साम्राज्याच्या) परंपरेच्या ग्रीक कारागिरांचं. मधल्या भिंतींचं बरंचसं त्याच्या मुलाच्या, विल्यम पहिल्याच्या काळातलं.

एक प्रसंग माझा लाडका झाला. येशू गाढवावर बसून यरुशलेममध्ये येतोय, लोक त्याच्या वाटेवर कपडे अंथरताहेत. त्यात एक पोरगं आपला अंगरखा डोक्यावरून काढतंय आणि ते अर्धवट अडकलंय! माझा मुलगा अंघोळीच्या आधी अस्साच अडकतो. साडेआठशे-नऊशे वर्षांपूर्वी कुणीतरी मचाणावर बसून, काचेचा एकेक तुकडा चिकटवत, शर्टात अडकलेलं पोर केलं.

आता मुख्य. सोन्याकडे बघून झालं की छताकडे बघा. मधल्या दालनाचं छत मोझेकचं नाहीच, लाकडी आहे. मधमाश्यांच्या पोळ्यासारखे लोंबणारे कोनाडेच कोनाडे, मध्ये आठ टोकांच्या चांदण्या. याला मुकर्नास म्हणतात, काम शंभर टक्के इस्लामी परंपरेतलं. आणि त्यावर बारीक चित्रं: वीणेसारखी वाद्यं वाजवणारे, नाचणाऱ्या बाया, पेला हातात घेऊन मांडी घातलेले शौकीन, उंट, सिंह, गरुड. कडेने कूफी लिपीत राजासाठी अरबीतून शुभचिंतन. चर्चच्या डोक्यावर! आणि कुठेतरी दोन पागोटेवाले समोरासमोर बसून बुद्धिबळ खेळताहेत. बुद्धिबळाच्या सर्वांत जुन्या चित्रांत ते मोजलं जातं. कुठे आहे ते सांगणार नाही. मी दुर्बिणीतून चाळीस मिनिटं शोधलं, तुम्हीही शोधा.

दुर्बीण न्याच. त्या चाळीस मिनिटांत माझ्याशेजारून निदान सहा ग्रुप गेले. सगळ्यांनी वेदीकडे तोंड करून सेल्फी काढले. वर मान केलेलं कुणी दिसलं नाही.

बाहेर पडताना चॅपलच्या भिंतीत एक संगमरवरी शिळा बसवलेली आहे, तीही चुकवू नका. ११४२ साली रॉजरने पाण्यावर चालणारं घड्याळ करवून घेतलं, त्याचा लेख. वर लॅटिन, मध्ये ग्रीक, खाली अरबी. घड्याळ गेलं, पाटी राहिली. (नवऱ्याचं म्हणणं, सरकारी कामात पाटीच टिकते.)

प्रश्न विचारा, जमेल तसं सांगते.

---

ढगफोड्या

मस्त! वाखुसा (वाचनखूण साठवली). "पुढच्या माणसाचं टक्कल आणि त्याच्या वर सोनं" याला खास दाद.

एक शंका: सोन्याचा मोझेक म्हणजे खरं सोनं की रंग? आणि इतकी वर्षं टिकलं कसं?

---

काचकाम

मी वास्तुविशारद, जुन्या इमारतींच्या दुरुस्तीत हात काळे केलेला माणूस. ढगफोड्या, खरं सोनं. पण अगदी पातळ वर्ख, आपल्या काजूकतलीवरच्या चांदीच्या वर्खासारखा. तो काचेच्या जाड तुकड्यावर ठेवायचा, वरून काचेचा पापुद्रा घालायचा आणि भट्टीत एकजीव करायचा. म्हणजे सोनं दोन काचांच्या मध्ये बंद. हवा नाही, घासणं नाही. म्हणून टिकतं. मग त्याचे बारीक चौकोनी खडे तोडायचे.

गंमत पुढे आहे. हे खडे चुन्याच्या ओल्या गिलाव्यात बसवतात, त्यामुळे एका वेळी गिलावा ओला असेपर्यंत होईल तेवढंच काम. आणि चांगला कारागीर ते सपाट दाबत नाही. एकेक खडा किंचित तिरका बसवतो. त्यामुळे तुम्ही एक पाऊल सरकलात की भिंतीवरचा उजेडही सरकतो. मेणबत्तीच्या हलत्या ज्योतीत तर ती भिंत अक्षरशः श्वास घेत असणार. सपाट बसवलं असतं तर पितळी पत्र्यासारखं दिसलं असतं. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात दुरुस्त्या झाल्या आहेत, तिथे काही ठिकाणी तो जिवंतपणा हरवलेला जाणवतो. उंबरठा, तुम्हाला काही भाग "जास्त गुळगुळीत" वाटला का?

अवांतर: सांगलीची ठिपक्यांची फरशी आणि हे, दोन्ही एकाच शब्दात कोंबणं हा बिल्डर लोकांचा पराक्रम. गच्चीवर गळती थांबवायला फुटक्या कपबश्यांच्या तुकड्यांचं "चायना मोझेक" करतात, ते मात्र तत्त्वाने पालेर्मोच्या जास्त जवळचं आहे.

---

उंबरठा

@काचकाम, अगदी! सरकल्यावर उजेड सरकतो हे मी पाहिलं, पण कारण कळलं नव्हतं. मला वाटलं ढग आला. आणि हो, मुख्य गाभाऱ्यात येशूच्या खाली मरियम आहे, ती बाकीच्यांपेक्षा फारच गोंडस, गुलाबी गालांची. नंतर वाचलं की ती अठराव्या शतकातली.

---

कोलंबीभात

आमच्या गच्चीवर पालेर्मो आहे हे आज कळलं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये मांडतो.

---

श्रीस्थानक

ठाण्याचा माणूस असल्याने मध्ये तोंड घालतो, कारण या राजवाड्याचा आणि आमच्या गावाचा संबंध आहे. थट्टा नाही.

रॉजरच्या दरबारी अल-इद्रीसी नावाचा भूगोलज्ञ होता, मूळचा उत्तर आफ्रिकेतल्या सेउताचा. राजाने त्याला जगाचं वर्णन करायला बसवलं. व्यापारी, खलाशी, यात्रेकरू यांना विचारून विचारून सुमारे पंधरा वर्षं काम चाललं. ११५४ मध्ये ग्रंथ पुरा झाला आणि त्याच वर्षी राजा वारला. सोबत सत्तर तुकड्यांचा नकाशा आणि चांदीच्या थाळीवर कोरलेलं जग. नकाशात दक्षिण वर आहे, त्यामुळे पहिल्यांदा पाहताना आपणच उलटे झाल्यासारखं वाटतं.

त्या ग्रंथात कोकण किनारा आहे. सुबारा म्हणजे सोपारा, सैमूर म्हणजे बहुतेक अभ्यासकांच्या मते चौल, आणि ताना, म्हणजे आमचं ठाणं. इद्रीसी सांगतो की हे मोठ्या खाडीवरचं देखणं शहर आहे, गलबतं इथे नांगरतात आणि इथून सुटतात. आणि जवळच्या डोंगरांत बांबू होतो आणि तबाशीर मिळतं.

तबाशीर म्हणजे काय? वंशलोचन! बांबूच्या पेरात साठणारा पांढरा खडा. खोकल्यावर आजी मधातून सितोपलादि चूर्ण चाटवायची ना, त्यातलं. बाराव्या शतकात शिलाहारांच्या ठाण्यातून हे अरबी व्यापाऱ्यांच्या गलबतांत चढायचं आणि त्याची नोंद सिसिलीच्या राजवाड्यात व्हायची. इद्रीसी स्वतः कधी इकडे आलेला नाही, सगळं ऐकीव. पण येऊरच्या डोंगरात फिरताना बांबूचं बेट दिसलं की मला हटकून पालेर्मो आठवतं. तिथे अजून पाय लागलेला नसताना.

चांदीची थाळी मात्र गेली. ११६० च्या सुमाराच्या बंडात राजवाडा लुटला गेला तेव्हा ती नाहीशी झाली असं मानतात. चांदीची होती, वितळवली असणार.

---

उंबरठा

@श्रीस्थानक, अहो हे आधी माहीत असतं तर मी तिथे छाती काढून फिरले असते! वंशलोचन!! आईला फोन करून सांगते.

---

तर्कटी

लेख चांगला आहे, पण एक गोष्ट खटकली. लेखात उघड म्हटलेलं नाही, पण "ग्रीक, लॅटिन, अरबी सगळे गुण्यागोविंदाने" असा सूर येतोय. सगळ्या पर्यटन पत्रकांत हाच सूर असतो.

वस्तुस्थिती: नॉर्मन जेते होते, मुसलमान प्रजा जित. रॉजरच्या शेवटच्या काळात, ११५३ मध्ये, महदियाचा फिलिप या त्याच्याच सरदाराला छुपा मुसलमान असल्याच्या आरोपावरून जाळलं. ज्या बंडात चांदीची थाळी गेली त्याच बंडात पालेर्मोतल्या मुसलमानांच्या कत्तली झाल्या. आणि रॉजरचा नातू फ्रेडरिक दुसरा, ज्याच्या अरबी विद्वत्तेचे गोडवे गातात, त्याने १२२० नंतरच्या दशकांत सिसिलीचे मुसलमान उचलून इटलीच्या मुख्य भूमीवर लुचेराला नेऊन वसवले. १३०० साली ती वसाहतही मोडली. तेव्हा छतावरच्या कूफी अक्षरांना "सलोखा" म्हणण्यापेक्षा "राजाला परवडणारी चैन" म्हणा.

---

नर्मदेकाठी

पॉपकॉर्न घेऊन बसले आहे.

---

काचकाम

@तर्कटी, तपशील बरोबर आहेत. पण "चैन" म्हटल्याने प्रश्न सुटत नाही. रॉजरला अरबी कारागीर आणायची सक्ती नव्हती. त्याला काय हवं होतं ते बघा: कैरोच्या फातिमी खलिफासारखं छत, कॉन्स्टँटिनोपलच्या सम्राटासारखा घुमट. शेजारच्या बड्या दरबारांकडे जे जे भारी, ते माझ्याकडे एका खोलीत. नवश्रीमंताचा हिशेब आहे हा. राजेपण नुकतंच मिळालेलं, तेही पोपशी भांडून. सलोखा नाही, तिरस्कारही नाही, शुद्ध राजकारण. आणि तरीही ज्याने ते पोळं कोरलं त्याचा हात राजकारणी नव्हता.

छताबद्दल तांत्रिक: ते पोळं काही पेलत नाही. वरच्या खऱ्या छपराच्या लाकडांना खालून टांगलेले पातळ फळ्यांचे तुकडे आहेत. २००२ च्या भूकंपात चॅपलला इजा झाली, नंतर मोठी दुरुस्ती होऊन २००८ मध्ये ते पुन्हा नीट खुलं झालं. तेव्हा मचाणावरून ती चित्रं जवळून पाहता आली.

मला नेहमी पडणारा प्रश्न असा की जमिनीवरून न दिसणारं इतकं बारीक काम केलं कुणासाठी?

---

गवतीचहा

अजिंठ्याला पहिल्या लेण्यात छत बघा. तिथेही तेच. फळं, फुलं, बदकं, आणि टोप्या घातलेले परदेशी पाहुणे पेले घेऊन बसलेत, शेजारी सुरई. बुद्धाच्या डोक्यावर दारूची बैठक! गाईड टॉर्च मारून पद्मपाणी दाखवतो आणि पुढे नेतो. छत कुणी बघत नाही. देवाच्या भिंतीवर देवाचं, आणि छतावर कारागिराला हवं ते, असा काही अलिखित करार असावा.

---

तर्कटी

@काचकाम, "नवश्रीमंत" पटलं. @गवतीचहा, अजिंठ्याचं उदाहरण चांगलं आहे, फक्त तिथे जेते-जित नव्हते. असो, मी धाग्याचा काश्मीर (न संपणारा वाद) करत नाही. उंबरठा, राग नसावा.

---

उंबरठा

राग कसला. कत्तलींचं मला माहीत नव्हतं, तिथल्या फलकांवर मला तरी दिसलं नाही. पण एक सांगू? बाबेलच्या बुरुजाचं चित्र आहे ना, त्यात गवंडी शिडीवर, मचाणावर, चुना कालवताना दाखवलेत. बाबेल म्हणजे भाषा फुटल्या आणि काम थांबलं ती गोष्ट. हे चित्र लावणाऱ्यांच्या डोक्यावर अरबी बोलणारे सुतार काम करून गेले होते किंवा करत होते. तो गवंडी चितारताना त्यांना हसू आलं असेल का, एवढंच मला वाटत राहिलं. सलोखा होता की नव्हता ते तुम्ही ठरवा.

---

दुधीभोपळा

मी गेली अकरा वर्षं व्हिएन्नात. राजवाड्याचा एक तुकडा इथे आहे! होफबुर्ग राजवाड्याच्या खजिन्यात रॉजरचं राजवस्त्र ठेवलंय. लाल रेशमी प्रचंड अर्धगोल शालू म्हणा. मध्ये ताडासारखं झाड, दोन्ही बाजूंना एकेक सिंह उंटाला लोळवतोय, सगळं सोन्याच्या तारेत आणि मोत्यांत. काठाने अरबी लेख: हे पालेर्मोच्या राजकारखान्यात हिजरी ५२८ मध्ये, म्हणजे ११३३-३४ ला तयार झालं. पुढे हेच वस्त्र पवित्र रोमन सम्राटांच्या राज्याभिषेकात वापरत. पिढ्यान्पिढ्या कट्टर ख्रिस्ती सम्राट हिजरी सन पाठीवर घेऊन मिरवले, आणि त्यातल्या किती जणांना ते वाचता येत होतं देव जाणे.

मी पैठणीवाल्या घरातली, त्यामुळे मी त्या काचेपुढे अर्धा तास उभी होते. काठ-पदराचा हिशेब त्यांना कळत होता एवढं नक्की.

---

तारकापुंज

कुणी मनोऱ्याबद्दल बोललं नाही म्हणून. राजवाड्याच्या तोर्रे पिसाना या जुन्या मनोऱ्यावर वेधशाळा आहे. तिथून जुझेप्पे पियात्सी या धर्मगुरूने १ जानेवारी १८०१ च्या रात्री एक नवा ठिपका पाहिला. तो सेरेस, पहिला सापडलेला लघुग्रह, आता बटुग्रहांत गणतात. नाव दिलं सिसिलीच्या धान्यदेवतेचं. एकोणिसावं शतक सुरू झालं त्याच रात्री! आपण थर्टी फर्स्टचं जागरण उतरवत असतो आणि हा बुवा दुर्बिणीला डोळा लावून.

---

खमंग_फोडणी

इतकं सगळं झालं, खाण्याचं काय? पालेर्मोला जाऊन कुणी काही खाल्लंच नाही?

---

उंबरठा

@खमंग_फोडणी, खाल्लं नाही असं कधी होईल का! राजवाड्यातून बाहेर पडून उताराने दहा-बारा मिनिटांवर बल्लारो बाजार आहे. आरडाओरडा थेट मंडईसारखा. तिथे पानेल्ले खाल्ले. हरभऱ्याच्या पिठाचं पिठलं घोटायचं, थापायचं, गार झालं की कापायचं आणि तळायचं. म्हणजे तळलेली पाटवडी हो! ती पावात घालून लिंबू पिळून देतात. मी पहिल्या घासाला थांबले. लसणाची चटणी असती तर वडापावचा सख्खा भाऊ. नवऱ्याने तीन खाल्ले आणि म्हणाला, "हे आपल्याकडून गेलं असणार." आमच्याकडे सगळंच आपल्याकडून गेलेलं असतं.

मार्तोराना नावाची बदामाच्या लगद्याची फळं पण घ्या. दिसायला हुबेहूब फळं, चव आपल्या बदाम बर्फीची. ज्या चर्चवरून ते नाव पडलं तेही चालत जाण्यासारखं आहे. आत रॉजरला येशू स्वतः मुकुट घालतोय असं मोझेक आहे. पोप नाही, थेट वरून. @काचकाम यांचा नवश्रीमंत तो हाच.

---

सुपलीभर

धागा पूर्ण वाचला. आम्ही डिसेंबरात जातोय, सासूबाई बरोबर आहेत, वय ७४, गुडघे कुरकुरतात. प्रश्न:
१. पायऱ्या किती? २. मोनरेआलेचं कॅथेड्रल पण करावं का, की एकच पुरे? ३. रविवारी गेलं तर चालेल का?

---

उंबरठा

@सुपलीभर, चॅपल पहिल्या मजल्यावर आहे. मोठा जिना आहे पण पायऱ्या रुंद आणि बुटक्या, सावकाश चढता येतात. लिफ्टचं तिकिटाच्या खिडकीवर आधीच विचार, आम्हाला लागली नाही. बाहेर तिन्ही मजल्यांवर कमानींचं मोठं अंगण आहे, तिथे दम खाता येतो.

रविवारी सकाळी प्रार्थना असते, तेवढा वेळ पर्यटकांना बंद. शुक्रवार, शनिवार किंवा सोमवार धर. मग शाही दालनंही मिळतात आणि रुज्जेरोची खोली बघता येते. ती चुकवू नको. तिथे देवबिव कुणी नाही, नुसते सोन्यावर चित्ते, मोर, ताडाची झाडं आणि शिकारी. खांदे झाकलेले असू देत. सासूबाई साडीत असतील तर प्रश्नच नाही.

---

काचकाम

मोनरेआले जरूर करा, पण आधी चॅपल, नंतर मोनरेआले. तिथे सहा हजार चौरस मीटरच्या वर मोझेक आहे, रॉजरचा नातू विल्यम दुसरा याने ११७४ च्या सुमारास सुरू केलेलं. आधी ते पाहिलंत तर चॅपल बाहुलीघर वाटेल. मोनरेआलेला डोळे दिपतात, चॅपलमध्ये डोळे कामाला लागतात. राजवाड्याजवळच्या पियात्सा इंदिपेन्देन्त्साहून वर जायला बस आहे. वेळ उरला तर चेफालूचं कॅथेड्रल, समुद्रकाठी. तिथला येशू मला तिघांत सर्वांत माणूस वाटतो. त्याच्या हातातल्या पुस्तकाचं एक पान ग्रीक आहे आणि दुसरं लॅटिन.

---

श्रीस्थानक

आणि पालेर्मोतल्याच झीझा या दुसऱ्या राजवाड्यात एक थडग्याची शिळा आहे, ती या धाग्यासाठीच आहे. ११४९ ची. ग्रिझान्तो नावाच्या पाद्र्याने आपल्या आईसाठी, आन्नासाठी केली. एकच मजकूर चारदा: लॅटिनमध्ये, ग्रीकमध्ये, अरबीत आणि हिब्रू लिपीतल्या अरबीत. चार ठिकाणी चार कालगणना. @तर्कटी, हा राजा नव्हता, राजाच्या पदरचा पाद्री होता. आईसाठी केलेली चैन म्हणू या का?

---

तर्कटी

म्हणू या. ही शिळा माहीत नव्हती.

---

सुपलीभर

(दोन महिन्यांनी धागा वर काढतेय, संपादक मंडळ माफ करा.)

जाऊन आलो. शनिवारी सकाळी पहिल्या रांगेत. लिफ्टचं विचारलं, पण सासूबाई म्हणाल्या, "कशाला, गणपतीच्या टेकडीवर चढते मी," आणि चढल्या. मध्ये दोनदा थांबून, पण चढल्या.

दुर्बीण नेली होती. मी काचकाम यांनी सांगितल्याप्रमाणे एक पाऊल इकडे, एक पाऊल तिकडे करत उजेड बघत होते. सुरक्षारक्षकाला वाटलं मला चक्कर येतेय, खुर्ची घेऊन आला. ती खुर्ची सासूबाईंनी पटकावली. मान मागे टाकून, दुर्बीण लावून पंचवीस मिनिटं हलल्या नाहीत. आम्ही फरशी बघून आलो (लाल-हिरव्या दगडांची नक्षी, ती पण काय आहे!), सिंहासनाचा ओटा बघून आलो, त्या अजून तशाच.

मी विचारलं, "आई, बुद्धिबळवाले सापडले का?"

"नाही गं. पण हत्ती सापडला. पाठीवर अंबारी आहे."

---

उंबरठा

हत्ती?? मी चाळीस मिनिटं बघत होते, मला हत्ती दिसलाच नाही! कुठल्या बाजूला?

---

सुपलीभर

सासूबाई म्हणतात, सांगणार नाही, शोधा म्हणावं.